‘सेव्हन, ऑल टोल्ड’ : बेलापूरच्या एका ऑफिसातलं प्रकरण

जुलैतल्या एका मंगळवारी सीबीडी बेलापूरच्या एका क्लिअरिंग कंपनीला, म्हणजे बंदरावर आलेला माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्या कंपनीला, इंग्लंडहून एका ओळीचा मेल आला. ‘थँक्स. वुई विल बी सेव्हन, ऑल टोल्ड.’ पाठवणाऱ्याला म्हणायचं होतं, ‘सगळे धरून आम्ही सात जण असू.’ वाचणारीने वाचलं, ‘आम्ही सात जण असू. सगळ्यांना सांगितलेलं आहे.’ शुक्रवारी तिघांना गेटवरून आत सोडलं नाही, सर्व्हे सोमवारवर गेला, कंटेनरला आणखी तीन दिवसांचं भाडं लागलं आणि पुढच्या दोन मेलांत प्रकरण वकिलाच्या सल्ल्यापर्यंत पोचलं.

मी नवी मुंबईतल्या कंपन्यांमध्ये ऑफिसचं इंग्रजी शिकवते. वाशी, महापे, बेलापूर अशी फिरती असते. हे सगळं होऊन गेल्यावर मालकांनी बोलावलं ते ‘मुलांचं ग्रामर एकदा पक्कं करून द्या’ एवढ्याचसाठी. मी आधी मेलची अख्खी साखळी मागितली. ती वाचल्यावर दिसलं, की ग्रामरचा इथे फारसा संबंधच नव्हता. कंपनीच्या परवानगीने आणि नावं-गावं काढून हे प्रकरण इथे मांडते आहे.

माल होता यंत्रांचे सुटे भाग, लाकडी पेट्यांमध्ये भरलेले. इंग्लंडमधल्या एका कंपनीने तो तळोजा एमआयडीसीतल्या स्वतःच्याच कारखान्यासाठी पाठवला होता. कंटेनर न्हावा शेव्याला उतरला आणि तिथून सीएफएसमध्ये आला. सीएफएस म्हणजे बंदराबाहेरचं ते मोठं आवार, जिथे कस्टम्स क्लिअर होईपर्यंत कंटेनर ठेवतात. उघडल्यावर खालच्या रांगेतल्या पेट्या ओल्या निघाल्या. विम्याचा दावा करायचा तर जॉइंट सर्व्हे हवा, म्हणजे सगळ्या बाजूंच्या माणसांनी एकाच वेळी उभं राहून नुकसान बघायचं. इंग्लंडहून दोन इंजिनिअर येणार होते, तळोज्याहून दोघे, शिवाय विमा कंपनीचा सर्व्हेअर आणि त्याचे दोन मदतनीस. असे सात.

सीएफएसमध्ये कुणालाही असंच शिरता येत नाही. ओळखपत्राच्या प्रती आधी द्याव्या लागतात, मग गेट पास निघतो. म्हणून डेस्क सांभाळणाऱ्या मुलीने सोमवारीच मेल टाकला होता : ‘काइंडली टेल ऑल व्हिजिटर्स टु सेंड आयडी कॉपी बाय थर्सडे.’ मेल स्पष्ट होता, वेळेत गेला होता, त्यात खोट काढायला जागा नाही. त्यावरचं उत्तर म्हणजे वरची ओळ.

आता तिच्या जागी बसून ती ओळ वाचा. आपण लिहिलं ‘टेल ऑल’. उत्तरात आलं ‘ऑल टोल्ड’. तेच दोन शब्द, फक्त उलट क्रमाने आणि भूतकाळात. दुसरा काही अर्थ असू शकेल अशी शंका तरी कशी यावी? त्यात आपल्या ऑफिसांमधली इंग्रजीची रीतही तशीच आहे. ‘ड्रायव्हर इन्फॉर्म्ड’, ‘पेमेंट डन’, ‘ऑल इन्फॉर्म्ड’. ‘हॅव बीन’ कोण लिहीत बसतो? व्हॉट्सॲपवर तर नाहीच. त्या बोलीत ‘ऑल टोल्ड’ हे पूर्ण, शुद्ध आणि रोजचं वाक्य आहे. साहेबाने आपल्यासारखंच थोडक्यात लिहिलं, असं तिला वाटलं.

गुरुवार संध्याकाळपर्यंत चारच प्रती आल्या. सर्व्हेअर आणि त्याच्या दोन माणसांच्या आल्याच नाहीत, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. इंग्लंडच्या माणसाची समजूत अशी, की स्थानिक लोकांशी बेलापूरचं ऑफिस बोलेल. बेलापूरच्या ऑफिसकडे ‘सगळ्यांना सांगितलंय’ असा लेखी पुरावा होता. मी विचारलं, ‘अगं, सातातल्या चारच आल्या तेव्हा फोन नाही केलास?’ ती म्हणाली, ‘मॅडम, त्यांनी स्वतः लिहिलंय ना सांगितलं म्हणून! परत विचारलं तर त्यांना वाटेल आपला विश्वास नाही.’ या उत्तराशी भांडता येत नाही. क्लायंटला दोनदा विचारायचं नाही हे तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच शिकवलेलं होतं, आणि शिकवणारे मालकच होते.

शुक्रवारी चौघे आत गेले. सर्व्हेअरची गाडी गेटवर अडली. मोबाइलवरचं ओळखपत्र सिक्युरिटीने मान्य केलं नाही. सर्व्हेअरशिवाय जॉइंट सर्व्हे होत नाही, तेव्हा आत गेलेले चौघेही पेट्यांकडे बघून परत आले. इंग्लंडच्या माणसाने मेल केला : सर्व्हेअरला कळवलं का नाही? बेलापूरहून उत्तर गेलं : तुम्हीच तर कळवल्याचं लिहिलं होतंत. त्यावर त्याचं : मी असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि खाली त्याच्याच मंगळवारच्या मेलचा फोटो, त्या दोन शब्दांवर लाल गोल काढलेला. दोघेही एकाच ओळीकडे बोट दाखवत होते आणि दोघांनाही समोरचा धडधडीत खोटं बोलतोय असं वाटत होतं.

इथे थोडं इंग्रजीच्या घरात शिरावं लागेल.

‘टेल’ या क्रियापदाचा आपल्याला माहीत असलेला अर्थ सांगणे. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘टेलन’ असं होतं आणि सांगणे, कथन करणे याच्याइतकाच त्याचा ठळक अर्थ होता मोजणे, हिशेब करणे. इंग्रजीच्या सख्ख्या भावंडांमध्ये तो अजून जसाच्या तसा आहे. डच भाषेत ‘टेलन’ म्हणजे आजही मोजणे. जर्मनमध्ये ‘त्साल’ म्हणजे संख्या, ‘त्सेलन’ म्हणजे मोजणे आणि ‘एर्त्सेलन’ म्हणजे गोष्ट सांगणे. हे मी त्या ऑफिसात फळ्यावर लिहिलं तेव्हा अकाउंट्समधली एकजण ताडकन म्हणाली, ‘अरे, हे तर आम्ही जर्मनच्या ए वनला पाठ केलं होतं, पण टेलशी कधी जोडलंच नाही.’ कशाला जोडेल? शब्द शिकवताना त्याचं खानदान कोणी सांगत नाही, आणि परीक्षेला ते येतही नाही.

इंग्रजीत पुढे फ्रेंचमधून ‘काउंट’ आला आणि मोजण्याचं काम हळूहळू त्याच्याकडे गेलं. ‘टेल’ सांगण्यापुरता उरला. पण जुना अर्थ काही ठरीव शब्दप्रयोगांत तसाच राहून गेला, आणि बोलणाऱ्या इंग्रजांनाही बहुधा तो जाणवत नाही. ‘ऑल टोल्ड’ म्हणजे सगळे मोजून, सगळे मिळून. ‘अनटोल्ड वेल्थ’ म्हणजे न सांगितलेली संपत्ती नव्हे, मोजता न येणारी. जपमाळेचे मणी ओढण्याला इंग्रजीत ‘टेल’ हेच क्रियापद आहे. ‘टेल ऑफ’ म्हणजे झापणे हे आपण शाळेत शिकलो, पण त्याचा जुना अर्थ लष्करी आहे : रांगेतली माणसं मोजून, वेगळी काढून एखाद्या कामाला लावणे. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मतविभागणी होते तेव्हा दोन्ही बाजूंचे दोन-दोन खासदार मतं मोजतात, त्यांना ‘टेलर्स’ म्हणतात. ते कुणाला काही सांगायला नेमलेले नसतात, जरी निकाल शेवटी तेच वाचून दाखवतात.

आणि बँकेतला टेलर. त्या वर्गात मी विचारलं, एटीएमचं पूर्ण रूप काय? निम्म्यांनी बिनधास्त सांगितलं, ‘एनी टाइम मनी’. उरलेल्यांना ‘ऑटोमेटेड टेलर मशीन’ माहीत होतं, पण यातला टेलर कोण हे विचारल्यावर एकजण हसत ‘शिंपी’ म्हणाला. स्पेलिंग वेगळं असलं तरी देवनागरीत तो शिंपीच दिसतो, त्याला बोल लावता येत नाही. टेलर म्हणजे मोजणारा, आपला रोखपाल. 27 जून 1967 रोजी लंडनच्या उत्तरेकडच्या एन्फिल्डमध्ये बार्क्लेज बँकेने भिंतीत नोटा देणारं यंत्र बसवलं, ते या जातीच्या यंत्रांपैकी पहिलं मानलं जातं. ज्यांच्या नावावर ते सहसा सांगितलं जातं ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले शिलाँगमध्ये. त्यांच्या यंत्राने माणसाकडून हिरावलं ते नोटा मोजून देण्याचं काम.

बायबलचं 1611 सालचं इंग्रजी भाषांतर या बाबतीत मोठं गमतीचं आहे. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात देव अब्राहामाला आकाशाकडे बघायला लावतो आणि म्हणतो, ‘टेल द स्टार्स’. आजच्या इंग्रजीवर वाढलेला माणूस वाचेल, ताऱ्यांना सांग. तिथे अर्थ आहे, तारे मोज, मोजता आले तर. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात फारो हुकूम सोडतो की मजुरांना पेंढा द्यायचा नाही, पण विटांची ‘टेल’ मात्र पहिल्याइतकीच भरली पाहिजे. हा ‘टेल’ म्हणजे गोष्ट हे नाम. विटांची गोष्ट? नाही, विटांची मोजदाद. ‘टॉक’ हा शब्दही याच कुळातला, ‘टेल’चा धाकटा भाऊ. ‘से’ आणि ‘स्पीक’ मात्र वेगळ्या घरचे आहेत.

वर्गातला टॅली क्लार्क इथे मध्येच म्हणाला, ‘म्हणजे आमची टॅलीपण यातलीच.’ तसं वाटतं खरं. बंदरावर पेट्या मोजून टॅली शीट भरणं हे त्याचं आयुष्य. पण ‘टॅली’ लॅटिनमधल्या काठी या अर्थाच्या शब्दावरून आली आहे. काठीवर खाचा पाडून देणं-घेणं नोंदवायचं आणि काठी उभी चिरून एकेक भाग दोघांनी ठेवायचा, अशी ती जुनी पद्धत. ब्रिटिश सरकारी खजिन्यातल्या अशा जुन्या काठ्या 16 ऑक्टोबर 1834 रोजी संसदेच्या तळघरातल्या भट्ट्यांमध्ये जाळायला घेतल्या आणि त्या आगीत संसदेची इमारतच भस्मसात झाली. टॅली क्लार्कला ही हकिगत फार आवडली. जुने रेकॉर्ड नष्ट करू नयेत असं तो कधीपासून सांगतोय म्हणे.

मोजणं आणि सांगणं ही दोन कामं एका शब्दात कशी, याचं त्या मंडळींना नवल वाटलं. मला तेवढं नाही वाटत. फ्रेंचमध्ये मोजणे आणि गोष्ट सांगणे यांची क्रियापदं एकाच लॅटिन धातूतून निघाली आहेत, तोच धातू कॉम्प्युटरच्या मुळाशी आहे. स्पॅनिशमध्ये तर दोन्हींना एकच शब्द. इंग्रजीतही ‘अकाउंट’ म्हणजे हिशेब आणि ‘अकाउंट’ म्हणजे वृत्तान्त. आणि आपल्याकडे? आख्यान, आख्यायिका, व्याख्या, ख्याती हे सगळे ‘ख्या’ धातूचे, म्हणजे सांगणे, जाहीर करणे. त्यालाच ‘सम्’ लावला की ‘संख्या’. म्हणजे कीर्तनातलं आख्यान आणि गणितातली संख्या एकाच घरातली. एकामागून एक, क्रमाने, काही न गाळता सांगत जाणं हीच तर मोजणी. मराठी माणूस पाढे म्हणतो, आणि तक्रारी सांगायला लागला की त्यांचाही पाढाच वाचतो.

मंगळवारच्या ओळीतला स्वल्पविराम आता वेगळा दिसेल. ‘सेव्हन’नंतरचा तो स्वल्पविराम ‘ऑल टोल्ड’ला साताच्या आकड्याशी बांधतो. पण खरं सांगायचं तर स्वल्पविरामावरून अर्थ ओळखायला आधी तो शब्दप्रयोग माहीत असावा लागतो. ज्याला माहीत नाही त्याला स्वल्पविराम नुसता ठिपका.

आता दुसरा मेल. गेटवरच्या प्रकारानंतर शुक्रवारी रात्री त्या इंग्रज इंजिनिअरने लिहिलं : ‘आय कान्ट टेल व्हेदर द वॉटर केम इन फ्रॉम द रूफ ऑर द फ्लोअर. टू मोअर डेज इन धिस वेदर विल टेल.’ या दोन वाक्यांपैकी पहिलं कुणालाही अडलं नाही, आणि ते का नाही अडलं हे बघण्यासारखं आहे. ‘पाणी छतातून आलं की खालून, सांगता येत नाही.’ मराठी इथे इंग्रजीच्या हातात हात घालून चालते. आपणही सांगण्यात ओळखणं आणि फरक करणं धरतो.

दुसऱ्या वाक्यापाशी मराठीने हात सोडला. मालकांनी ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, ‘विल टेल म्हणजे? काय सांगणार? कुणाला सांगणार?’ ऑफिसात सगळे त्यांना दादा म्हणतात. तीस वर्षांहून जास्त या धंद्यात आहेत आणि धमकी ओळखण्यात कुणाला हार जाणारे नाहीत. ‘दोन दिवस थांबतो आणि मग सांगतो बघ’ असा त्यांनी अर्थ लावला. आदल्याच दिवशी खोटं बोलल्याचा आरोप झालेला, त्यामुळे तो अर्थ चपखल बसला. डेस्कवरची मुलगी म्हणाली, ‘दादा, कस्टम्सकडे तक्रार करणार असतील.’ दादांनी तिथल्या तिथे उत्तर टाइप करायला लावलं : ‘यू मे टेल टु एनीबडी यू वॉन्ट. वुई आर नॉट अफ्रेड.’ आणि ओळखीच्या वकिलाला फोन लावला.

इंजिनिअरचं म्हणणं एवढंच होतं, की असल्या दमट हवेत आणखी दोन दिवस गेले तर पेट्यांवर त्याचा परिणाम दिसायला लागेल. इथला ‘टेल’ म्हणजे मोजला जाणे, हिशेबात धरला जाणे, म्हणून परिणाम करणे. ‘द स्ट्रेन इज टेलिंग ऑन हिम’ म्हणजे ताण त्याला जाणवायला लागलाय. मराठीत याच्या जवळ जाणारं काही असेल तर ते ‘गुडघे बोलायला लागले’ हे. तिथेही गुडघे कुणाला काही सांगत नसतात. दादांना हे उदाहरण दिल्यावर ते दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘मग सरळ लिहायचं ना, माल खराब होईल म्हणून!’

त्यांचं हे म्हणणं मला पटतं. परदेशी माणसाला पत्र लिहिताना ‘सेव्हन इन टोटल’ लिहायला काय जात होतं? इंग्रजी सगळ्या जगाने शिकायची आणि इंग्रजाने मात्र आपल्या आजोळच्या बोलीत लिहायचं, हा न्याय बरा नाही. ते लोक हे मुद्दाम करत नाहीत, त्यांना हे सोपंच वाटतं. ‘ऑल टोल्ड’मध्ये अवघड काय आहे, तिसरीतल्या मुलाला येणारे दोन शब्द. आणि गोची नेमकी तिथेच होते. ‘डेमरेज’ किंवा ‘इन्डेम्निटी’ आलं असतं तर त्या मुलीने डिक्शनरी उघडली असती, दोघांना विचारलं असतं. ‘टोल्ड’साठी डिक्शनरी कोण उघडतो? मी शिकवते तिथे हेच सतत दिसतं. मोठे शब्द माणसं जपून हाताळतात. फसतात ते टेल, गेट, टेक, पुट यांच्यात.

तरीही सगळा दोष भाषेवर टाकून मालकांना मोकळं सोडायची माझी तयारी नव्हती. गुरुवारी संध्याकाळी फाइलमध्ये सात नावांऐवजी चार कागद होते. मेलचा अर्थ कोणताही लावा, सात वजा चार तीन होतात. हे त्या मुलीला दिसलं होतं, तिने मला तसं सांगितलंही. विचारायची सोय नव्हती म्हणून ती गप्प बसली. क्लायंटला परत विचारलं तर अपमान होतो, ही समजूत मला त्या दोन शब्दांपेक्षा जास्त महागात पडलेली वाटली. दादांना ते फारसं रुचलं नाही. ‘तुम्ही इंग्रजीचं बघा,’ ते म्हणाले, पण चहा मागवला.

प्रत्यक्षात जे मिटलं ते फोनवर. वकिलाने मेल वाचून दादांना सांगितलं, यात धमकी कुठे आहे ते मला दाखवा. मग दादांनी सोमवारी सर्व्हे चालू असताना सीएफएसमधूनच तळोज्याच्या मॅनेजरला गाठलं आणि मॅनेजरने मध्ये पडून इंग्लंडला फोन जोडून दिला. तो मॅनेजर जळगावचा. दोन्हीकडचं इंग्रजी त्याला कळत होतं, म्हणून त्याला पाच मिनिटांत उलगडलं. ‘आम्ही घाबरत नाही’ या ओळीबद्दल मेलवर माफी मागायला दादा शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. तोंडी मात्र ‘सॉरी फॉर द कन्फ्युजन’ म्हणाले, आणि समोरून हसण्याचा आवाज आला, असं मॅनेजरने मला सांगितलं. वाढीव भाडं दोन्ही कंपन्यांनी निम्मं-निम्मं वाटून घेतलं.

मी तिथे घेतलेल्या वर्गांत ग्रामर जवळजवळ घेतलंच नाही. जुन्या मेलांमधली छोट्या क्रियापदांची वाक्यं काढली आणि ज्याला जो अर्थ लागेल तो मराठीत लिहायला लावला. दोघांचे अर्थ जुळले नाहीत की ती ओळ फळ्यावर. ‘वुई शाल टेक इट अप’ या ओळीचे तीन अर्थ निघाले, त्यात एक ‘वर उचलून ठेवू’ असाही होता. दुसरी गोष्ट अशी ठरवली, की आकडा असलेल्या प्रत्येक मेलला उत्तर देताना तो आकडा आणि त्याचा तपशील आपल्या शब्दांत परत लिहायचा. डेस्कवरच्या मुलीने त्याचा एक साचाच करून ठेवला आहे : एकूण किती, कागद किती आले, कोणाचे बाकी. बाकीच्यांची नावं ती ठळक अक्षरांत टाकते आणि खाली विचारते, यांना कोण कळवणार, तुम्ही की आम्ही. दादांनी पहिल्यांदा हा साचा पाहिला तेव्हा ‘जरा उद्धट वाटतंय’ म्हणाले. तिने त्यात एक ‘काइंडली’ वाढवला आणि मेल पाठवून दिला.